कचरा कुणाच्या दारात?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. छापण्यापूर्वी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा आम्ही विचारलं, विषय कोणता? तर म्हणाले, "तुमचाच विषय घ्या." आता आमचा विषय काय? चौतीस वर्षं आम्ही सफाई खात्यात काढली. आधी झाडूवर, मग कचऱ्याच्या गाडीवर, आणि शेवटची काही वर्षं मुकादम म्हणून चौकीवर हजेरी घेत. म्हणजे आमचा विषय कचरा. आमच्या घरातून लगेच सूचना आली, "अहो, वर्धापन दिनाचा मंगल दिवस, लोक पांढरी वस्त्रं नेसून येणार, आणि तुम्ही कचऱ्यावर बोलणार?" आम्ही म्हटलं, पांढरी वस्त्रं नेसून जमलेली माणसं गेल्यावर मागे काय उरतं, त्यावरच तर बोलायचं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट आठवा. याच दिवशी भोजनदान झालं. माणसं पोटभर जेवून, समाधानाने घरी गेली. विहाराच्या मागे पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास, उरलेला भात यांचा ढीग झाला. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. रात्री कुत्री ढीग पसरतील म्हणून आम्ही काही मंडळींनी, होय, त्यात आम्हीही होतो, त्याला काडी लावली. चौतीस वर्षं ज्याने या खात्यात काढली त्याने! ढीग जळेना, नुसता धुमसू लागला. काळा, घशाला चरचरणारा धूर थेट विहाराच्या मागच्या चाळीत शिरला. तिथे एक आजी राहतात, दम्याच्या. रात्री अकराला त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. आजी बऱ्या होऊन परतल्या, पण दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "बाबा, डम्पिंगचा धूर होता तेव्हा आपण मोर्चा काढला. आता आपल्याच विहाराच्या धुराचा मोर्चा कुणावर न्यायचा?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आजचं भाषण म्हणजे त्या आजींना दिलेलं उत्तर समजा.

आपण या पूर्व उपनगरात राहतो, देवनारच्या सावलीत. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. ते साल आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, महाडच्या सत्याग्रहाचं ते साल. एके काळी शहराचा कचरा रेल्वेच्या वाघिणींतून इकडे यायचा. मुळात ही खाडीकाठची दलदल. शहराला वाटलं, कुणाची नाही ती जागा, टाका तिथे. पुढे शहर वाढलं, गरीब माणसाला दुसरीकडे जागा मिळेना, तो कचऱ्याच्या कडेला झोपडी बांधून राहिला. म्हणजे आधी शहराने कचरा इथे आणला आणि मग माणसंही इथेच आणून सोडली. २००९ साली मुंबईचा मानव विकास अहवाल निघाला, त्यात ज्या वॉर्डाचा क्रमांक सर्वांत खाली होता तो हाच, देवनार-गोवंडीचा एम-पूर्व. हा योगायोग नव्हे, बांधवांनो. कचरा नेहमी उतार बघून वाहतो, आणि आपल्या देशात उतार कुणाच्या दाराकडे असतो ते आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

आता जरा शास्त्र बघू. कचऱ्याची विल्हेवाट लावायच्या ढोबळ चार-पाच पद्धती आहेत. त्या प्रत्येकीने हवा, पाणी आणि माती यांचं काय होतं, ते साध्या भाषेत सांगतो.

पहिली पद्धत, आपल्या डोळ्यांसमोरची. उघड्यावर ढीग मारणे. आपल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला कचरा असतो. भाजीची देठं, साली, खरकटं, चहाचा चोथा. तो उघड्या मातीत पातळ पसरला तर हवा मिळते आणि काही आठवड्यांत त्याचं खत होतं. पण तोच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, शेकडो गाड्यांखाली दाबून टाकला की आत हवा जात नाही. मग तो सडतो आणि मिथेन नावाचा वायू सोडतो. हा वायू पेट घेणारा आहे. शिवाय पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट पुढे आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर सुमारे अठ्ठावीस पट, आणि वीस वर्षांचा धरला तर ऐंशी पटींच्या घरात. दुसरीकडे, ढिगातून पावसाचं पाणी झिरपतं ते काळं होऊन खाली उतरतं. इंग्रजीत त्याला लिचेट म्हणतात, आम्ही गाडीवरची माणसं नुसतं 'काळं पाणी' म्हणायचो. त्या पाण्यात कुजलेल्याचं आम्ल असतं, बॅटरीचं शिसं असतं, रंगातलं, औषधातलं काय काय असतं. ते विहिरीत उतरतं, खाडीत जातं, खाडीतून मासळीत जातं.

आणि आग. जानेवारी २०१६ च्या अखेरीची ती आग इथे बसलेला कोण विसरेल? कित्येक दिवस ढीग धुमसत होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रातसुद्धा आपला धूर दिसला. मार्चमध्ये पुन्हा पेटलं. एवढ्या मोठ्या ढिगाची आग पाण्याने विझत नाही, कारण ती वर नसते, आत असते. आत मिथेन, वर प्लास्टिक. बंब वरून पाणी मारतो आणि आग खालून दुसरीकडे सरकते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होत नाही तोवर शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध आणले. म्हणजे धूर गोवंडीत होता तोवर तो गोवंडीचा प्रश्न होता, बिल्डरांची कामं अडली तेव्हा तो मुंबईचा प्रश्न झाला!

हे फक्त मुंबईतच नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात गेला. तिथल्या गावकऱ्यांनी विहिरी नासल्या म्हणून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. गाड्या अडल्या की पुण्यात कुंड्या वाहू लागायच्या, आणि मग पुणेकरांना कळायचं की आपला कचरा कुठेतरी जात होता.

दुसरी पद्धत, शास्त्रोक्त भरावभूमी. खड्ड्याच्या तळाला चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचा थर घालायचा, म्हणजे काळं पाणी जमिनीत उतरणार नाही. ते नळ्यांनी गोळा करून शुद्ध करायचं. रोजच्या कचऱ्यावर मातीचा थर द्यायचा. वायू पाइपांनी बाहेर काढून जाळायचा किंवा वापरायचा. गोराईची कचराभूमी २००७ साली बंद करून अशाच रीतीने वरून झाकली. मुलुंडची १९६७ पासूनची कचराभूमी २०१८ साली बंद झाली आणि तिथला जुना ढीग उपसून वेगळा करायचं काम हाती घेतलं. देवनारच्या जुन्या ढिगासाठी महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली, त्यात १८५ लाख टन कचऱ्याचा आकडा आहे. लाख टन, किलो नव्हे. शंभर वर्षांचं आपलं सर्वांचं पाप तिथे थरावर थर साचलं आहे. ते उपसायला किती पैसा लागतो बघा. हीच गोष्ट रोजच्या रोज घरात वेगळी केली असती तर फुकटात झाली असती.

तिसरी पद्धत, जाळणे. पुष्कळ सुशिक्षित माणसं म्हणतात, परदेशात जाळून वीज करतात, मग आपल्याकडे का नको? दिल्लीला तिमारपूर येथे १९८७ साली असा कारखाना उभारला होता, डेन्मार्कच्या तंत्राने. रोज तीनशे टन कचरा जाळून पावणेचार मेगावॉट वीज करायची होती. तो काही आठवडेच चालला आणि बंद पडला. का? तर आपला कचरा जळतच नव्हता! त्यात ओलं आणि माती एवढी, की तो पेटता ठेवायला वरून इंधन घालावं लागायचं. आपल्या घरातली ओली सालं चुलीत घालून कुणी स्वयंपाक करतं का? आमच्या आईला हे कळत होतं, मोठ्या साहेब लोकांना कारखाना बांधून झाल्यावर कळलं. वेगळा न करता कचरा जाळला तर आणखी एक धोका. त्यातलं काही प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण शरीराच्या चरबीत साठून राहतात, आईच्या दुधातून बाळापर्यंत जातात. कारखान्यात निदान भट्टी फार तापवायची आणि धूर गाळायची सोय करता येते. आपण विहाराच्या मागे काडी लावतो तेव्हा ना ती उष्णता असते, ना गाळणी. थर्माकोलची काजळी आणि प्लास्टिकचं विष सरळ शेजारच्या खिडकीत जातं. कोपऱ्यावर पालापाचोळा नि पिशव्या जाळणारा माणूस म्हणजे छोटं देवनारच.

चौथी पद्धत, ओल्या कचऱ्याचं खत किंवा गॅस करणे. ही आपल्या हवामानाला सर्वांत मानवणारी. आपल्या शेजारी तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचा गॅसचा संच तयार केला. त्यात स्वयंपाकघरातलं ओलं दळून घालतात, त्याचा जळणाचा गॅस मिळतो आणि शेवटी खत उरतं. नावच किती छान आहे! निसर्गाकडून घेतलं ते ऋण, ते फेडायचं. एवढा संच प्रत्येक चाळीला जमणार नाही, पण खताचा ड्रम जमतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

पाचवी पद्धत, सुक्या कचऱ्याचा फेरवापर. कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक. ही पद्धत सरकारने आणलेली नाही. आपला भंगारवाला, रद्दीवाला, आणि पाठीवर पोतं घेऊन हिंडणारी कचरा वेचणारी बाई, यांनी ती आणली आणि टिकवली. धारावीत त्याच्यावर केवढा धंदा उभा आहे. पण त्या बाईला शहराने काय दिलं? हाकललं, चोर म्हटलं. पुण्यात १९९३ साली या वेचकांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभी केली. डॉ. बाबा आढावांसारखी माणसं त्यांच्या पाठीशी होती. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही वेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली. या बायका घरोघर जाऊन कचरा घेतात, त्याबद्दल घराघरातून ठरलेलं शुल्क घेतात. ज्या बाईला लोक गेटच्या आत येऊ देत नव्हते तिला आता लोक नावाने हाक मारतात. मुंबईतही कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी कामगारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल लागला. संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतीवर लिहितो. या लोकांनी ते कचऱ्याच्या गाडीवर करून दाखवलं.

आता कायद्याचं बघू. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेला प्लेग आला. त्याआधी पुराने शहरभर घाण साचली होती, मेलेली जनावरं पडून होती. लाखो माणसं गाड्या भरून पळाली. पुढच्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी तेच शहर झाडून घेतलं, इतकं की लोक सुरत बघायला जाऊ लागले. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. १९९६ मध्ये अलमित्रा पटेल या बाईंनी देशभरातल्या कचऱ्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली घनकचऱ्याचे पहिले नियम आले. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला सांगितलं की कचरा तीन ठिकाणी वेगळा करा: ओला, सुका आणि घरगुती घातक. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. कायदे आहेत, बांधवांनो. पण गेल्या वर्षी आपल्या विहाराच्या मागच्या ढिगात थर्माकोलच्या वाट्याही होत्या. त्या कुणी दुसऱ्याने आणून टाकल्या नव्हत्या.

इथवर आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. आता अवघड भाग.

मागच्या महिन्यात समितीच्या बैठकीत आम्ही हीच गोष्ट मांडली, की प्रत्येक घराने कचरा वेगळा करावा आणि विहाराच्या आवारात खताचे ड्रम ठेवावेत. तेव्हा आमच्यापेक्षा वयाने मोठे एक दादा उठले. त्यांचं नाव इथे घेत नाही, ते समोर बसले आहेत. ते म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी गावची मेलेली गुरं ओढली. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं म्हणून आपण ते सोडलं, गाव सोडलं, उपाशी राहिलो. आता विहारात बसून तुम्ही आम्हाला पुन्हा कचऱ्यात हात घालायला सांगता?"

सगळी बैठक गप्प झाली. आणि खरं सांगतो, आमच्याही पोटात कालवलं. कारण दादांचं दुःख खरं आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळंपाकं उष्टं सोडा असं कळकळीने सांगितलं. स्वाभिमानाची सुरुवातच तिथून झाली. आमच्या स्वतःच्या वडिलांनी आम्हाला शपथ घातली होती की पोरा, झाडू धरू नकोस. पोटासाठी धरावा लागला. आम्ही आमच्या मुलीला शिकवली, ती शाळेत शिक्षिका झाली, आणि निवृत्तीच्या दिवशी आम्ही घरी येऊन ती खाकी पँट जाळली. (बघा, तेव्हाही जाळलीच!)

म्हणून आम्ही दादांच्या प्रश्नावर महिनाभर विचार केला. आणि आम्हाला जे सुचलं ते असं. बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्याची घाण जन्माने उचलायचं सोडायला सांगितलं. आपली स्वतःची घाण दुसऱ्याकडून उचलून घ्यायला सांगितलं नाही. आपण गुरं ओढायचं सोडलं, फार चांगलं केलं. पण आज आपल्या घरातून जी एकच बांधलेली पिशवी बाहेर जाते, ज्यात खरकटं, ब्लेड, फुटलेला ग्लास, बाळाचं डायपर, आजारी माणसाची सुई सगळं एकत्र असतं, ती पिशवी पुढे कोण उघडतो? उघडावी लागतेच. चौकीवरचा कंत्राटी पोरगा उघडतो, डम्पिंगवरची बाई उघडते. आणि ती माणसं कोण? तपासून बघा. आपल्यातलीच, नाहीतर आपल्यासारखीच दुसऱ्या एखाद्या दाबलेल्या समाजातली.

आमच्या गाडीवर एक जोडीदार होता. एका टॉवरच्या पिशवीतली इंजेक्शनची सुई त्याच्या तळहातात गेली. सहा महिने तो दर तपासणीला थरथरत जायचा की रक्तात काय निघतंय. काही निघालं नाही, त्याचं नशीब. पण त्या सहा महिन्यांत त्याने बायकोला जवळ केलं नाही, लेकराचा मुका घेतला नाही. सुई टाकणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या दृष्टीने त्याने फक्त कचरा टाकला. जात अशीच चालते, बांधवांनो. आपल्या घरची घाण कुणीतरी उचलतो, आणि तो कोण, हे आपल्याला बघावंही लागत नाही. आपण घरात कचरा वेगळा करतो तेव्हा आपण जुन्या कामाकडे परत जात नाही. आपण ती व्यवस्था आपल्या घरापुरती मोडतो. ज्याचा कचरा त्याच्या हाताने वेगळा, मग कुणाच्याही लेकराला जन्माने तो करावा लागणार नाही.

आपल्या धम्मातही हे नवीन नाही. भिक्खुनींच्या विनयात एक नियम आहे की मलमूत्र, केरकचरा किंवा उष्टं भिंतीपलीकडे, कुंपणापलीकडे टाकू नये. त्याला लागूनच दुसरा नियम, हिरव्या पिकावर टाकू नये. एवढ्या जुन्या काळी! भिंतीपलीकडे टाकलं की आपल्यापुरतं संपलं, हा माणसाचा जुना भ्रम आहे. भिंतीपलीकडेही माणूस असतो.

आणि आनंद थेरांची ती गोष्ट. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला वाटलं, एक श्रमण एवढ्या वस्त्रांचं करणार काय, दुकान मांडणार की काय? त्याने येऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं विरली त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. जुन्या अंथरुणांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि फडकी जुनी झाली म्हणजे? ती कापून, मातीत कालवून जमीन सारवू. राजा एवढा प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. आता सांगा, आपल्या आज्या वेगळं काय करायच्या? लुगडं जुनं झालं की गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. कचरा नावाची वस्तूच घरात नव्हती.

आणि सुनीत थेर. थेरगाथेत त्यांच्या गाथा आहेत. मूळचे ते वाळलेली फुलं, निर्माल्य झाडून उचलणारे, लोकांनी हलके मानलेले. भगवंतांनी त्यांना संघात घेतलं, ते अर्हत झाले. ही गोष्ट ऐकली की आम्हाला चौकीवरच्या हजेरीपटातली सगळी नावं आठवतात.

म्हणून आता कामाचं बोलू. समितीपुढे आणि तुमच्यापुढे आम्ही पाच गोष्टी ठेवतो.

एक. घरात दोन डबे आणि एक पिशवी. एका डब्यात ओलं, पिशवी न घालता. दुसऱ्यात सुकं, शक्यतो धुऊन-पुसून. दुधाची पिशवी विसळून वाळवून टाका, भंगारवाला तिला पैसे देतो, घाण पिशवीला कुणी हात लावत नाही. तिसरी पिशवी घातक वस्तूंची: सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं, सुया. ब्लेड आणि काच जाड कागदात गुंडाळा. बायकांचे पॅड आणि बाळांचे डायपर कागदात बांधून त्यावर लाल ठिपका करा. पुण्याच्या वेचक भगिनींनी ही लाल ठिपक्याची पद्धत रूढ केली, म्हणजे उघडणाऱ्याला उघडण्याआधीच कळतं. एका ठिपक्याला काय पडतं? पण त्यात समोरच्या माणसाबद्दलची मैत्री आहे.

दोन. विहाराच्या मागे खताचे दोन ड्रम. ड्रमला चहूबाजूंनी भोकं पाडायची. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या, त्यावर वाळलेला पाला, मग ओला कचरा बारीक चिरून, पुन्हा पाल्याचा थर. सुरुवातीला थोडं जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडायचं. चार दिवसांनी काठीने वरखाली करायचं. हात लावला तर आत गरम लागेल, घाबरू नका, ते जिवंत असल्याचं लक्षण आहे. वास आला तर समजायचं ओलं जास्त झालं, वरून सुका पाला किंवा लाकडाचा भुसा घालायचा. सुरुवातीला मटण-मासळीची हाडं आणि तेलकट उष्टं घालू नका, उंदीर येतात. एक ड्रम भरला की दुसरा सुरू करायचा. दोन महिन्यांत पहिल्यात काळी, मातीचा वास येणारी भुकटी मिळेल. ती आपल्या आवारातल्या बोधिवृक्षाला घालू.

हिशेब करा. मोठ्या शहरात माणशी रोज अर्ध्या किलोच्या आसपास कचरा निघतो. समजा आपल्या वस्तीत दोनशे घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे रोजचे पाचशे किलो. त्यातला निम्मा ओला धरला तर अडीचशे किलो. सगळा आपल्या दोन ड्रमांत मावणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण वीस घरांपासून सुरुवात करू. मुंबईचा कचरा आज रोज साडेसहा-सात हजार टन आहे. त्यापुढे आपले पंचवीस किलो म्हणजे काहीच नाही. पण ते पंचवीस किलो सडून मिथेन होणार नाहीत आणि त्यात कुणाचा हात बुडणार नाही, हे काही थोडं नाही.

तीन. विहाराच्या कोणत्याही कार्यक्रमाला, बुद्ध पौर्णिमा असो की चौदा एप्रिल, प्लास्टिक-थर्माकोल नाही. समितीने स्टीलची ताटं-वाट्या घ्याव्यात. आमच्या निवृत्तीच्या पैशांतून पन्नास ताटं आम्ही आज जाहीर करतो. लगेच मागून महिला मंडळाचा प्रश्न ऐकू आला, "घासणार कोण?" बरोबर प्रश्न आहे! आजवर आपल्याकडे सगळं घासायला बायकाच. तर ताटं घासतील पुरुष आणि तरुण मुलं, पाळी लावून. पहिली पाळी आमची. ज्याने जेवलं त्याने घासावं, यात कमीपणा काहीच नाही.

चार. काहीही जाळायचं नाही. विहाराच्या मागे नाही, कोपऱ्यावर नाही, पाला सुद्धा नाही. पाला तर आता आपल्या ड्रमला लागणार आहे.

पाच. आपल्या गल्लीत रोज कचरा घ्यायला येणारा जो माणूस आहे, त्याचं नाव प्रत्येकाने माहीत करून घ्यायचं. उन्हाळ्यात पाणी विचारायचं. त्याला हातमोजे, बूट, पावसाळ्यात रेनकोट मिळतो की नाही, कंत्राटदार पगार वेळेवर देतो की नाही, हे विचारायचं, आणि मिळत नसेल तर विहाराच्या लेटरहेडवर अर्ज करायचा. आपण डम्पिंगच्या विरोधात मोर्चा काढला तसा याच्यासाठीही काढायचा. नुसतं घर स्वच्छ करून आपलं काम संपत नाही. शंभर वर्षं कचरा गरिबांच्या दारात टाकण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना जाब विचारणं हाही स्वच्छतेचाच भाग आहे. पण जाब विचारायला जाताना आपले हात स्वच्छ हवेत, एवढंच आमचं म्हणणं.

आमचं बोलणं संपलं. बैठकीतल्या त्या दादांना आम्ही काल घरी जाऊन हे सगळं आधी वाचून दाखवलं. परवानगीशिवाय त्यांच्या शब्दांचा उपयोग करणं बरं नव्हे. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ड्रमला भोकं पाडायला आमच्याकडे ड्रिल मशीन आहे. घेऊन जा." तुम्हाला सांगतो, ते वाक्य ऐकून आमचा हुरूप दुणावला.

आजी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. आजी, यंदा धूर होणार नाही. मोर्चा काढायची वेळ आम्ही तुमच्यावर आणणार नाही, हा शब्द आम्ही सर्वांच्या वतीने देतो. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना ड्रम बघायचे आहेत त्यांनी मागच्या बाजूला यावं. आणि जेवून झाल्यावर ज्यांची पाळी आहे त्यांनी बाह्या सरसावून नळावर यावं.

सर्वांचं मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!